‘थिंग्ज फॉल अपार्ट’चा अभ्यास : पात्रांची वही कशी ठेवावी, उतारे कसे वाचावेत

चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीच्या शेवटच्या पानावर एक इंग्रज जिल्हा कमिशनर आपल्या आगामी पुस्तकाचा विचार करत चाललेला असतो. मागे एका माणसाचं प्रेत झाडाला लटकतं आहे. या माणसावर एक आख्खं प्रकरण लिहिता येईल, असं आधी त्याच्या मनात येतं. मग तो ठरवतो की प्रकरण नको, एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे.

त्या माणसाचं, ओकोंक्वोचं, आयुष्य आपण तोवर पंचवीस प्रकरणं वाचत आलेलो असतो. म्हणून मला या कादंबरीवरच्या गाईडांचा राग येतो. ‘ओकोंक्वो : शूर, मेहनती, रागीट, हट्टी, शोकात्म नायक, भीती हा त्याचा दोष’ असं चार ओळींचं स्वभावचित्रण पाठ केलं की आपणही तेच करतो जे कमिशनर करतो. अभ्यास असा हवा की पात्र परिच्छेदात मावणार नाही. इंग्रजी साहित्य घेऊन बीए-एमए करणाऱ्यांसाठी, नेट-सेटच्या तयारीसाठी आणि ज्यांना ही कादंबरी नीट वाचायची आहे अशा कुणासाठीही, मला उपयोगी वाटणारी पद्धत इथे क्रमाने मांडतो आहे.

पहिली पायरी : आधी कादंबरीचा आराखडा

पहिलं वाचन सलग करा. पेन्सिल हातात असू द्या, पण टिपणं काढायला थांबू नका. अनोळखी नावं आणि पात्रांच्या इग्बो भाषेतले शब्द येतील, त्यांतले बरेचसे संदर्भाने कळतात. वाचून झालं की दर प्रकरणाला एक ओळ, अशा पंचवीस ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा. हे काम गाईडवरून उतरवू नका. याच ओळींवर पुढचं सगळं उभं राहणार आहे.

ओळी लिहून झाल्या की रचना दिसते. पहिला भाग तेरा प्रकरणांचा आहे, दुसरा आणि तिसरा सहा-सहा. म्हणजे निम्म्याहून जास्त कादंबरी होईपर्यंत एकही मिशनरी गावात पाऊल ठेवत नाही. पहिल्या भागात ‘काही घडत नाही’ असं वाटून विद्यार्थी पानं उलटतात, आणि तिथेच अभ्यास फसतो. अचेबे आधी एक समाज चालता-बोलता उभा करतात. त्याची पेरणी, लग्नं, भांडणं, न्याय, मृत्यू सगळं आपल्याला दाखवतात. पुढे जे कोसळतं ते काय होतं, हे माहीत असल्याशिवाय कोसळण्याला अर्थ नाही.

गोऱ्या माणसाचा उल्लेख मात्र आधीच येऊन जातो. आठव्या प्रकरणाच्या शेवटी, ओकोंक्वोचा मित्र ओबिएरिका याच्याकडे लग्नाची बोलणी चाललेली असताना, खडूसारख्या पांढऱ्या माणसांची कुठून तरी आलेली गोष्ट निघते. तेव्हा एक जण म्हणतो, असा एक तर इथूनच नेहमी जातो, आणि गावातल्या एका कुष्ठरोग्याचं नाव घेतो. सगळे हसतात. या जागेवर खूण करून ठेवा.

दुसरी पायरी : पार्श्वभूमी, गरजेपुरतीच

अचेबे यांचा जन्म १९३० साली आग्नेय नायजेरियातल्या ओगिडी या गावी झाला. वडील चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मशिक्षक होते, म्हणजे लेखक ख्रिस्ती घरात वाढला; पण आजूबाजूला जुन्या चालीरीती पाळणारे नातेवाईक होते. कादंबरी १९५८ साली लंडनच्या हाइनमनने काढली, नायजेरिया स्वतंत्र होण्याच्या दोन वर्षं आधी. कथानकाचा काळ मात्र एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि त्यानंतरची थोडी वर्षं. हे दोन काळ वेगळे ठेवा: पात्रांना पुढे काय होणार ते माहीत नाही, लेखकाला माहीत आहे.

इग्बो जीवनाच्या पाच गोष्टी पक्क्या असल्या की बहुतेक उतारे उलगडतात. एक, इथे राजा नाही. निर्णय वडीलधारे, मानाच्या पदव्या घेतलेले पुरुष आणि गावसभा मिळून घेतात. दोन, आठवडा चार दिवसांचा, आणि दिवसांची नावं बाजाराच्या दिवसांवरून: एके, ओये, आफो, न्क्वो. तीन, याम हे पुरुषाचं पीक. आपल्याकडच्या कोनफळाच्या जातकुळीतला हा कंद. ज्याची यामची कोठारं भरलेली तो मोठा. चार, अनी ही भूदेवी. नीती-अनीतीचा शेवटचा निवाडा तिचा, आणि मेलेले पूर्वजही तिच्याच सान्निध्यात. पाच, ‘ची’ म्हणजे प्रत्येकाचं वैयक्तिक दैवत. माणसाने हो म्हटलं की त्याची चीही हो म्हणते, असं जुने लोक सांगतात. ओकोंक्वोचा या म्हणीवर विश्वास आहे. चौदाव्या प्रकरणात, हातून नकळत माणूस मेल्यामुळे झालेल्या हद्दपारीत, ती म्हण आपल्या बाबतीत खोटी ठरली असं त्याला वाटू लागतं. या दोन जागा शेजारी मांडल्या तर ‘नशीब की स्वभाव’ या ठरलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं.

तिसरी पायरी : पात्राची वही, विशेषणं न वापरता

दर मुख्य पात्राला तीन-चार कोरी पानं द्या. पानावर चार रकाने: पात्राने काय केलं (प्रकरण क्रमांकासह), त्या वेळी कोण बघत होतं, गावाने काय म्हटलं, निवेदकाने काय सांगितलं. पहिल्या फेरीत विशेषण लिहायचंच नाही. ‘रागीट’ लिहू नका. ‘शांतीच्या आठवड्यात ओजिउगोला मारलं’ असं लिहा.

ओकोंक्वोचं पान भरायला घेतलं की दुसऱ्या रकान्यातच पहिली महत्त्वाची गोष्ट सापडते. चौथ्या प्रकरणात धाकटी बायको वेळेवर जेवण न करता केस विंचरून घ्यायला गेली म्हणून तो तिला मारतो. पेरणीआधीचा तो पवित्र आठवडा, त्यात चढ्या आवाजात बोलणंही वर्ज्य. शेजारी धावत येतात, भूदेवीचा पुजारी एझेआनी घरी येतो, पण पाहुणचाराचं म्हणून पुढे केलेलं कोलाफळ घेत नाही, आणि दंड सांगतो: एक शेळी, एक कोंबडी, कापड आणि शंभर कवड्या. म्हणजे गाव ओकोंक्वोच्या बाजूने नाही. त्याला ‘इग्बो पुरुषाचा नमुना’ म्हणणाऱ्या उत्तरांना हे एक प्रकरण पुरेसं आहे. त्याच प्रसंगात वृद्ध एझेउडू सांगतो की पूर्वी असा आठवडा मोडणाऱ्याला गावभर फरफटत नेऊन मारून टाकत. पुढे ती चाल बंद झाली, कारण ज्या शांतीसाठी ती होती तीच तिच्यामुळे मोडत असे. हा समाज स्वतःच्या रीती स्वतः तपासून बदलत आला आहे, गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासून. वहीत हे वाक्य ठळक करा.

आता त्याच पानावर दुसऱ्या प्रकारच्या नोंदी शोधा. मुलगी एझिन्मा हिला ताप चढतो तेव्हा रानात जाऊन औषधी पानं-साली आणणारा कोण? ओकोंक्वो. चिएलो पुजारीण रात्री मुलीला पाठीवर घेऊन अगबाला या देवतेच्या गुहेकडे निघते. एक्वेफी आई म्हणून मागे धावते हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण बाराव्या प्रकरणात अचेबे जाता जाता सांगतात की त्या रात्री ओकोंक्वोही पुन्हा पुन्हा गुहेपर्यंत जाऊन आला होता आणि चौथ्या खेपेला त्याला एक्वेफी भेटली. त्या वेळी त्याला कोणी पाहत नव्हतं. चारचौघांत कठोर आणि अंधारात काळजीने हेलपाटे घालणारा: दुसरा रकाना भरला नसता तर हा फरक हाती लागला नसता.

निवेदक दुसऱ्या प्रकरणातच सांगतो की ओकोंक्वोच्या आयुष्यावर भीतीचं राज्य होतं, अपयशाची आणि दुबळेपणाची भीती, आपण बापासारखे निघू ही भीती. परीक्षेत सगळे हे वाक्य लिहितात. तुम्ही ते गृहीत न धरता प्रत्येक नोंदीवर लावून पाहा. इकेमेफुना, म्हणजे दुसऱ्या गावाकडून भरपाई म्हणून आलेला आणि ओकोंक्वोच्या घरी राहिलेला मुलगा, त्याच्या वधाला लागू पडतं. गुहेकडच्या हेलपाट्यांना पडत नाही. एझेउडूच्या अंत्यविधीत ओकोंक्वोची बंदूक फुटून सोळा वर्षांचा मुलगा मरतो, त्याला तर मुळीच नाही, तो अपघात आहे. निवेदकाचं विधान कुठे पुरतं आणि कुठे अपुरं पडतं, हे दाखवणारं उत्तर मी वाचलं तर त्याला भरघोस गुण देईन.

चौथी पायरी : पात्रं जोडीने वाचा

अचेबे पात्रं एकेकटी ठेवत नाहीत. एकच प्रसंग दोघांसमोर ठेवून दोघांचा फरक दाखवतात. म्हणून जोड्या लावा.

ओकोंक्वो आणि उनोका ही जोडी सर्वांना माहीत: कर्जबाजारी, बासरी वाजवणारा, ताडी पिणारा बाप आणि त्याच्या उलट जगायचा पण केलेला मुलगा. पण उनोकाला आळशी म्हणून मोकळे होऊ नका. पहिल्या प्रकरणात ओकोये दोनशे कवड्या परत मागायला येतो तेव्हा उनोका हसत हसत भिंतीवरच्या खडूच्या रेघा दाखवतो. प्रत्येक रेघ म्हणजे शंभर कवड्यांचं कर्ज, आणि मोठी कर्जं आधी फेडणार म्हणतो. वाद्याचा, ऋतूचा, घिरट्या घालणाऱ्या घारींचा आनंद या कादंबरीत उनोकाइतका कोणी घेत नाही. तोच हळवेपणा नातवात, न्वोयेत, उतरतो. एक पिढी मधे सोडून ही रेघ जोडा.

ओकोंक्वो आणि ओबिएरिका ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची जोडी. इकेमेफुनाच्या वधाला ओबिएरिका गेला नाही. देववाणीने माझ्या मुलाला मारायला सांगितलं तर मी वाद घालणार नाही, पण मारणाराही मी होणार नाही, असं तो मित्राला तोंडावर सांगतो. तेराव्या प्रकरणात ओकोंक्वोची घरं जाळायला मात्र तो इतरांबरोबर जातो, कारण भूदेवीचा विटाळ धुवायचा असतो. नंतर एकटा बसून विचार करतो: नकळत झालेल्या गुन्ह्यासाठी माणसाने एवढं का भोगावं? आणि त्याला रानात टाकून दिलेली आपली जुळी मुलं आठवतात. रीत पाळणारा आणि रीतीला मनात प्रश्न विचारणारा, असा माणूस त्या समाजात आधीपासून होता. गोऱ्यांनी येऊन त्याला विचार करायला शिकवलं नाही.

जोडी कशी उपयोगी पडते याचा सर्वांत नेमका नमुना पंधराव्या प्रकरणात आहे. ओबिएरिका बातमी आणतो: अबामे या गावच्या लोकांनी सायकलवरून आलेल्या एका गोऱ्याला मारलं, त्याचा ‘लोखंडी घोडा’ झाडाला बांधून ठेवला, आणि काही आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी सैनिकांनी बाजाराला वेढा घालून लोकांना गोळ्या घातल्या. ऐकून वृद्ध मामा उचेंडू म्हणतो, जो काही बोलत नाही त्याला कधी मारू नये, आणि मग घारीची गोष्ट सांगतो: बदकीण गप्प राहिली म्हणून पिलू परत करायला लावणाऱ्या आईची. ओकोंक्वोही त्या लोकांना मूर्ख म्हणतो, पण त्याचं कारण वेगळं: त्यांनी बाजारातसुद्धा बंदुका-कोयते घेऊन जायला हवं होतं. बातमी एक, शब्दही जवळजवळ एकच, आणि दोन माणसं दोन टोकांना. या प्रसंगामागे खरा इतिहास आहे. १९०५ साली अहियारा इथे एका ब्रिटिश डॉक्टरला मारल्यानंतर सरकारने त्या भागावर लष्करी मोहीम चालवली होती.

मिशनऱ्यांचीही जोडी आहे: मिस्टर ब्राउन गावातल्या अकुन्नाबरोबर बसून देवाविषयी चर्चा करतो, शाळा आणि दवाखाना काढतो, त्याच्यामागून आलेल्या रेव्हरंड जेम्स स्मिथला जगात काळं आणि पांढरं एवढंच दिसतं. ब्राउन चांगला आणि स्मिथ वाईट, एवढ्यावर थांबू नका. ब्राउनच्या शाळेतून मुलं कारकून आणि शिक्षक होऊन बाहेर पडतात. गाव आतून किती बदललं हे मोजायचं तर ब्राउनचा मवाळपणा जास्त परिणामकारक ठरला का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

पाचवी पायरी : बायकांची पानं वेगळी काढा

हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक टिपणांत बायका तळटीपेसारख्या असतात. कादंबरी ओकोंक्वोच्या खांद्यावरून दिसते, म्हणून त्या मागे राहतात. वाचकाने त्यांना पुढे आणायला हवं. एक्वेफीने दहा मुलांना जन्म दिला आणि नऊ गमावली. आपण ज्या बाईबद्दल वाचतो आहोत ती हे सगळं सोसून आलेली आहे, हे लक्षात ठेवून नवव्या प्रकरणातला ओग्बांजेचा प्रसंग वाचा: मरून पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी येणारं मूल म्हणजे ओग्बांजे, आणि त्याची जमिनीत पुरलेली वस्तू शोधायला सगळं गाव जमतं.

चिएलोचं पान लहान असेल, पण महत्त्वाचं. ती बाजारात एक्वेफीशेजारी बसणारी साधी विधवा आहे, आणि देवतेचा संचार झाला की ओकोंक्वोसुद्धा जिच्यापुढे विनवण्या करतो ती पुजारीणही तीच. ओकोंक्वोच्या थोरल्या बायकोला सर्वत्र ‘न्वोयेची आई’ म्हटलं आहे, तिचं नाव येत नाही. एझिन्माबद्दल बाप मनोमन म्हणतो की ही मुलगा हवी होती. हद्दपारीत तिला मागण्या येतात, पण बापाच्या मनातलं ओळखून ती आपल्या गावी, उमुओफियाला, परतल्यावरच लग्न करायचं ठरवते आणि सावत्र बहिणीलाही पटवते. ज्या घरात बाईचं मत विचारत नाहीत तिथे ही मुलगी घराची पुढची चाल ठरवते.

सहावी पायरी : उतारा निवडायचा आणि खोल वाचायचा

‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ म्हटलं की विद्यार्थी म्हणींची यादी काढतात. म्हणी जरूर टिपा, पण कोणी, कोणाला, कोणत्या गरजेने म्हटल्या यासकट. न्वाकिबिए या सधन माणसाकडे बियाण्याचे याम उसने मागताना ओकोंक्वो म्हणींच्या आधाराने बोलतो आणि अपेक्षेच्या दुप्पट, आठशे याम मिळवतो. तिथे म्हण हे काम साधण्याचं साधन आहे.

प्रत्येक उताऱ्याला हे प्रश्न विचारा: आपण या क्षणी कोणाच्या मनात आहोत? कोण बोलत नाही? निवेदक काय सांगायचं टाळतो? याच्यासारखं आधी किंवा नंतर कुठे येतं? आता सातव्या प्रकरणातला इकेमेफुनाचा मृत्यू या प्रश्नांनी वाचून दाखवतो.

प्रकरण आनंदात सुरू होतं. टोळ येतात, लोक ते भाजून वाळवून खातात. ओकोंक्वो मुलांबरोबर टोळ खात बसला असताना एझेउडू येतो, त्याला बाहेर नेतो आणि सांगतो की हा मुलगा तुला बाप म्हणतो, याच्या मरणात हात घालू नकोस. त्यानंतर पुरुष निघतात. इकेमेफुनाच्या डोक्यावर ताडीचं मडकं. इथवर आपण बाहेरून बघत असतो. मग अचेबे एकदम त्या मुलाच्या मनात शिरतात. त्याला आईची आणि धाकट्या बहिणीची आठवण भरून येते. आई जिवंत असेल का? तो मनात लहानपणचं गाणं म्हणत पावलं मोजतो: गाणं उजव्या पावलावर संपलं तर जिवंत, डाव्यावर संपलं तर मेली. नाही, मेली नाही, आजारी. उजव्यावर संपतं. पुन्हा म्हणतो, या वेळी डाव्यावर संपतं. पण दुसऱ्यांदा धरायचं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मारण्याच्या अगदी आधी लेखक आपल्याला मरणाऱ्याच्या मनात नेतो. देववाणीचा हुकूम योग्य की अयोग्य यावर निवेदक एक शब्द बोलत नाही. त्याची गरजच ठेवत नाही. मागचा माणूस खाकरतो, मुलगा वळून पाहतो, तो माणूस त्याला पुढे चल म्हणून खडसावतो. ओकोंक्वो मागे राहिलेला असतो. माणूस कोयता उचलतो तेव्हा तो तोंड फिरवतो. घाव ऐकू येतो, मडकं वाळूत पडून फुटतं, आणि ‘बाबा’ म्हणून हाक मारत मुलगा त्याच्याकडेच धावतो. ओकोंक्वो आपला कोयता काढतो. कारण निवेदक एका छोट्या वाक्यात देतो: आपल्याला दुबळं समजतील याची त्याला भीती वाटली. त्याने तोंड फिरवलं होतं, म्हणजे त्याला हे नको होतं. दोन्ही वाक्यं एकत्र धरा. फक्त भीतीचं वाक्य उचललं तर तो राक्षस होतो, फक्त तोंड फिरवल्याचं उचललं तर बिचारा.

चौथा प्रश्न, साखळी कुठे जाते? त्याच रात्री बाप घरात येताच न्वोयेला न सांगता कळतं, आणि त्याच्या आत काहीतरी तुटतं. असंच पूर्वी एकदा झालं होतं, रानात मडक्यांत टाकलेल्या जुळ्यांचं रडणं ऐकलं तेव्हा. सोळाव्या प्रकरणात मिशनऱ्यांचं भजन ऐकून तो हलतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रयीचं तर्कशास्त्र त्याला समजत नाही, असं अचेबे स्पष्ट सांगतात. अंधारात आणि भीतीत बसलेल्या भावांचं ते गाणं त्याच्या मनातल्या जुन्या प्रश्नाला उत्तर वाटतं: जुळी आणि इकेमेफुना. म्हणजे धर्मांतराचं बी सातव्या प्रकरणात आहे. दुसरी कडी तेराव्या प्रकरणात: ज्याने इकेमेफुनाच्या मरणात हात घालू नकोस म्हटलं त्याच एझेउडूच्या अंत्यविधीत ओकोंक्वोच्या बंदुकीने एझेउडूचाच मुलगा मरतो. ही भूदेवीची शिक्षा आहे असं निवेदक कुठेही म्हणत नाही. तुम्हीही ‘शिक्षा’ हा शब्द निर्णय म्हणून वापरू नका. दोन प्रसंग जुळतात एवढं दाखवा आणि अर्थ खुला ठेवा.

याच पद्धतीने आणखी काही उतारे करा. दहाव्या प्रकरणात नऊ मुखवटाधारी पूर्वज, म्हणजे एग्वुग्वु, बायकोला मारणाऱ्या उझोवुलूला सासरी ताडी नेऊन माफी मागायला सांगतात. बाईशी लढण्यात शौर्य नाही, असं बजावतात. त्या नवांपैकी दुसऱ्याची चाल ओकोंक्वोसारखी आहे हे त्याच्या बायकांनी ओळखलं असेल, पण ओळखलं तरी त्या मनात ठेवतात. मुखवट्यामागे बसलेला माणूस घरी काय करतो हे आपण चौथ्या प्रकरणात पाहिलेलं आहे. चौदाव्यात उचेंडूचं भाषण घ्या, आईच्या गावाचा आसरा का मोठा हे सांगणारं. अकराव्यातली कासव आणि पक्ष्यांची गोष्टही घ्या. ‘तुम्ही सगळे’ असं नाव धारण करून मेजवानी एकट्याने खाणारा कासव पुढे कोणाशी जोडायचा, यावर वर्गात वाद घालण्यासारखा आहे.

अठराव्या प्रकरणातला ओसूंचा उतारा महाराष्ट्रातल्या वाचकाला चटका लावतो. देवाला वाहिलेले, म्हणून समाजाबाहेर. केस कापायची बंदी, स्वतंत्र नागरिकांशी लग्न नाही, मेल्यावर अशुभ रानात पुरणार. ते चर्चमध्ये आले तेव्हा नव्या ख्रिस्ती लोकांनीच विरोध केला, आणि तिथलं चर्च चालवणाऱ्या मिस्टर कियागाने त्यांना केस भादरायला सांगून आत घेतलं. अस्पृश्यता आठवणं साहजिक आहे आणि ती आठवावीच. पण उत्तरात ‘ओसू म्हणजे इग्बोंमधले दलित’ असं एका वाक्यात संपवू नका. ओसूपण देवाला वाहण्यातून सुरू होतं आणि वंशाने पुढे जातं. त्याचा आधार जातींची उतरंड नाही. साम्य लिहा, फरकही लिहा. नायजेरियाच्या पूर्व प्रांतात ही प्रथा १९५६ साली कायद्याने रद्द झाली, कादंबरी येण्याच्या दोन वर्षं आधी.

सातवी पायरी : शेवटचं प्रकरण दोनदा

चोवीस आणि पंचवीस ही प्रकरणं छोटी आहेत, आणि त्यांच्यावर सर्वाधिक चुकीचं लिहिलं जातं. ओकोंक्वो कोर्टाच्या शिपायाला मारतो. बाकीच्या शिपायांना गाव पळू देतं. गर्दीत कोणी तरी विचारतं, त्याने असं का केलं? तो कोयता वाळूत पुसतो आणि निघून जातो. त्याला कळतं की गाव लढणार नाही. गावाच्या प्रश्नावर थांबा. ते भित्रे होते असं म्हणण्याआधी अबामे आठवा.

मग आत्महत्या. आत्महत्या भूदेवीविरुद्ध गुन्हा, म्हणून गावकरी प्रेताला हात लावू शकत नाहीत, परक्यांना बोलवावं लागतं. इथे पहिल्या प्रकरणांकडे जा: उनोकालाही अंग सुजून मरताना अशुभ रानात टाकलं होतं, त्यालाही रीतसर मूठमाती मिळाली नाही. ज्या बापासारखं होऊ नये म्हणून आयुष्य काढलं त्याच्याच वाट्याचं मरण मुलाला आलं. ओबिएरिका, एवढा वेळ संयमाने बोलणारा माणूस, कमिशनरला थेट सांगतो की उमुओफियातला एक थोर माणूस तुम्ही आत्महत्येला लावलात. पुढे त्याचा कंठ दाटतो. आणि लगेच निवेदन आपल्याला कमिशनरच्या मनात नेतं. सातव्या प्रकरणात मारण्याआधी आपण इकेमेफुनाच्या मनात गेलो होतो. इथे मेल्यानंतर परक्याच्या मनात जातो. ही तुलना मी अजून कोणत्या गाईडमध्ये पाहिली नाही, तुमच्या उत्तरात ती असू द्या.

आठवी पायरी : लिहिताना

उत्तराचा पहिला परिच्छेद लेखकाच्या चरित्रावर खर्च करू नका. एका प्रसंगाने सुरुवात करा, प्रकरण क्रमांक द्या, मग विधान. प्रत्येक विधानाला निदान एक विरोधी नोंद जोडा. शोकात्म नायकाची चौकट वापरायची तर वापरा, पण ग्रीक नाटकाच्या मोजमापात बसत नाही ते दाखवा: इथे नायकाबरोबर गावही पडतं, आणि गावाच्या पडण्यात नायकाचा दोष कारण नाही. शीर्षक आयरिश कवी येट्सच्या कवितेतून आलं आहे हे लिहा, पण विसाव्या प्रकरणात ओबिएरिका जे म्हणतो त्याच्याशी जोडून: आपल्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टींवर गोऱ्याने सुरी चालवली. आणि ‘अंधश्रद्धाळू’, ‘मागासलेले’ हे शब्द लिहिताना एकदा थांबून पाहा की ते कादंबरीतल्या कोणाच्या तोंडी शोभतात.

न्वोयेचं पान मात्र या कादंबरीत पूर्ण होत नाही. एकविसाव्या प्रकरणात तो आयझॅक नाव घेऊन शिक्षकांच्या कॉलेजात गेल्याचं कळतं, तेवढंच. त्यासाठी अचेबे यांची १९६० साली आलेली ‘नो लाँगर अॅट ईझ’ घ्या. तिथे आयझॅक म्हातारा झाला आहे, त्याचा मुलगा ओबी एका ओसू मुलीशी लग्न करू पाहतो, आणि जन्मभर ख्रिस्ती राहिलेला बाप त्याला विरोध करतो. त्याच ठिकाणी इकेमेफुनाची हकीकत पुन्हा येते, ओकोंक्वोने स्वतःच्या हाताने मारलेल्या मुलाची. तेवढं प्रकरण वाचून सातव्या आणि अठराव्या प्रकरणाच्या नोंदी पुन्हा काढा. दोन्ही ठिकाणी आधी लिहिलेलं काहीतरी खोडून नव्याने लिहावं लागेल.